दहा नावं

आमच्या गावच्या मतदारयादीत कॅम्पातल्या माणसांची नावं नव्हती. मला हे पक्कं ठाऊक होतं, कारण ती यादी आमच्याच घरी, बाबांच्या लोखंडी पेटीत असायची. बाबा ग्रामसेवक होते. निवडणूक जवळ आली की रात्रीची जेवणं आटोपल्यावर ते यादीवर पट्टी ठेवून एकेक नाव वाचत. कोण वारलं, कोण लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, कुणाला अठरा वर्षं पूर्ण झाली, हे सगळं मी शेजारी बसून ऐकत असे. म्हणूनच एका सकाळी त्यांच्या सायकलवरून कॅम्पात गेले आणि तिथल्या सभागृहात टेबलावर मतपेटी दिसली, तेव्हा मला काही उलगडेना. दलाई लामांच्या तसबिरीला पांढरा रेशमी खाता, म्हणजे मानाचं वस्त्र, घातलेला, तसबिरीखाली पेटी, आणि दारापासून अंगणापर्यंत माणसांची रांग. बायकांनी कमरेला रंगीत पट्ट्यांचं ठेवणीतलं पांगदेन, म्हणजे एप्रन, बांधलेलं. म्हाताऱ्यांच्या हातात जपमाळा.

"बाबा, यांना तर मत नाही ना?"

बाबांच्या आधी रांगेतल्या पोपो-लांनी उत्तर दिलं. हिंदी आणि आमची झाडीबोली कालवून ते बोलत. म्हणाले, "तुझ्या गावात नाही पोरी. आमच्या गावात आहे."

"तुमचं गाव कुठं आहे?"

त्यांनी जपमाळेचा हात उचलून त्या रांगेकडे दाखवलं.

कॅम्प म्हणजे गोठणगावजवळची नोरग्येलिंग ही तिबेटी निर्वासितांची वसाहत. तेव्हा ती भंडारा जिल्ह्यात होती, १९९९ पासून गोंदियात आली. इटियाडोहचं धरण जवळच. चहूकडे धानाच्या बांध्या, मोहाची झाडं, आणि मधेच वाऱ्यावर फडफडणाऱ्या पाच रंगांच्या पताका. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ही माणसं इथं आली. बर्फाच्या मुलखातल्या लोकांनी झाडीपट्टीच्या चिखलात उभं राहून रोवणी शिकली, मे महिन्याचं ऊन सोसलं. थंडी पडली की निम्मा कॅम्प स्वेटर विकायला नागपूर आणि आणखी कुठं कुठं जाई. मागं राहत ती म्हातारी माणसं, आणि आम्हाला गोष्टी ऐकायला तीच हवी असत. पोपो-ला म्हणजे आजोबा, मोमो-ला म्हणजे आजी. 'ला' म्हणजे आपलं 'जी'. त्या दोघांची खरी नावं मला पुष्कळ वर्षं माहीत नव्हती.

पोपो-ला पूर्वेकडच्या खाम प्रांतातले, मोमो-ला त्सांगमधल्या, शिगात्सेच्या बाजूच्या. "तिबेटात असतो तर आमची गाठ पडलीच नसती," असं मोमो-ला हसून म्हणत. खामच्या मोठ्या भागावर ल्हासाचा कारभार चालत नसे. तिथं आपापले राजे, सरदार, मठ होते. पोपो-लांचे वडील खेचरांवर लोकर आणि चहा लादून व्यापाराला जात. ल्हासा त्यांना तीर्थाचं ठिकाण होतं, सरकारचं नव्हे.

त्या वडिलांनी ल्हासाहून आणलेली एक गोष्ट पोपो-ला पुन्हा पुन्हा सांगत. तेरावे दलाई लामा १९३३ साली गेले. नवा अवतार शोधायचा, तो बालक मोठा व्हायचा, तोवर राज्य चालवायला रीजंट नेमायचा, ही तिथली रीत. त्या मधल्या काळात आधीचे रीजंट रेटिंग रिन्पोछे आणि नंतरचे ताकड्रा रिन्पोछे यांच्यात वितुष्ट आलं. १९४७ साली रेटिंगना पकडलं, पोताला महालाच्या तुरुंगातच ते मरण पावले. सेरा मठातल्या भिक्षूंनी त्यांच्यासाठी शस्त्रं उचलली होती. "आमच्याच माणसांनी आमच्याच माणसांवर गोळ्या घातल्या," पोपो-ला म्हणत, "आणि तीन वर्षांनी चीनची फौज आली." ऑक्टोबर १९५० मध्ये फौज आत शिरली, तेव्हा पुढच्याच महिन्यात पंधरा वर्षांच्या मुलाच्या हाती घाईघाईनं राज्य सोपवलं. तो मुलगा म्हणजे चौदावे दलाई लामा.

"एका माणसाच्या श्वासावर राज्य टांगलेलं असलं, की तो श्वास थांबला म्हणजे वीस वर्षं राज्य पोरकं." हे वाक्य पोपो-ला जपमाळेचा मणी थांबवून म्हणत. आम्ही पोरं तेव्हा गोष्टीतल्या बंदुकांमध्ये रमलेलो असायचो. ते असं थांबून का बोलतात, हे कळायला मला फार वर्षं लागली.

मार्च १९५९. ल्हासात उठाव झाला, तो चिरडला गेला, आणि ३१ मार्चला दलाई लामांनी भारताच्या हद्दीत पाऊल ठेवलं. त्यांच्या मागोमाग हजारो माणसं डोंगर उतरली. पोपो-ला आणि मोमो-ला वेगवेगळ्या वाटांनी आले आणि आसामातल्या मिसामारीच्या छावणीत पोचले. बांबूच्या लांबच लांब झोपड्या, दमट उष्मा, अंगावर छुपा नावाचे लोकरीचे जाड अंगरखे. माणसं तापानं, पोटाच्या आजारानं जात होती. तिथून टोळ्या करून त्यांना उत्तरेकडच्या डोंगरात रस्ते बांधायला पाठवलं. "दगड फोडताना कुणी विचारत नसे तू खामचा की त्सांगचा," मोमो-ला सांगत. "पण रात्री चुली वेगळ्या पेटत."

त्या रस्त्यावरच पोपो-लांनी पहिल्यांदा हात वर करून माणूस निवडला. दहा जणांमागं एक चुपोन, शंभरांमागं एक ग्यापोन, ही जुन्या फौजेतली नावं. पण इथं चुपोन वरून कुणी नेमला नाही. मजुरी मोजून आणायची, आजाऱ्याला खाली दवाखान्यात न्यायचं, भांडण सोडवायचं, यासाठी दहा जणांनी आपसात ठरवून एकाला पुढं केलं. "घोडा निवडतात तसं," पोपो-ला म्हणत. "दात बघून नाही, चाल बघून."

इकडे दगड फुटत असताना तिकडे दुसरंच काही घडत होतं. दलाई लामांनी मसुरीत आपलं सरकार नव्यानं उभं केलं होतं, आणि १९६०च्या एप्रिलअखेर ते धर्मशाळेला हललं. त्याआधी फेब्रुवारीत बोधगयेला तिन्ही प्रांतांतली माणसं जमली आणि त्यांनी एकजुटीची शपथ घेतली. तिथंच निवडलेल्या प्रतिनिधींची सभा असावी अशी कल्पना दलाई लामांनी मांडली. ल्हासात असतानाच त्यांनी शेतकऱ्यांच्या पिढीजात कर्जाचं ओझं हलकं करायला सुधारणा समिती नेमली होती. ते काम अर्धवट राहिलं होतं. आता राज्य गेलं, जमीन गेली, तिजोरी गेली, आणि हा चोवीस वर्षांचा तरुण निवडणुकीचं बोलत होता. २ सप्टेंबर १९६० रोजी पहिल्या तेरा प्रतिनिधींनी शपथ घेतली. उ-त्सांग, खाम म्हणजे दोतोए, आणि आम्दो म्हणजे दोमे, या तिन्ही प्रांतांतून प्रत्येकी तीन. न्यिंगमा, काग्यू, साक्या, गेलुग या चार धर्मपरंपरांतून प्रत्येकी एक. हा दिवस तिबेटी माणूस आजही लोकशाही दिन म्हणून पाळतो.

पोपो-लांच्या मनात त्यातली एकच गोष्ट ठसली होती. "आमचे पण तीन," ते बोटं दाखवून सांगत. ल्हासावाल्यांचे तीन, आमचे तीन, आम्दोवाल्यांचे तीन. नकाशावर जे कधी एका धाग्यात नीट ओवलं गेलं नव्हतं, ते एका सतरंजीवर शेजारी बसलं. त्याच वर्षी कधीतरी त्यांची चूल मोमो-लांच्या चुलीशेजारी आली.

मग १९६३ चा मार्च आला. दलाई लामांनी भावी तिबेटसाठी राज्यघटना जाहीर केली. तीत एक कलम होतं. राष्ट्रीय सभेच्या दोन-तृतीयांश सभासदांनी सर्वोच्च न्यायालयाच्या सल्ल्यानं तसं ठरवलं, तर खुद्द दलाई लामांचे राज्याधिकार काढून घेता येतील. ज्यांना लोक करुणेच्या बोधिसत्त्वाचा अवतार मानतात, त्यांच्याविषयीचं हे कलम. रस्त्यावरच्या तंबूत कुणीतरी ते वाचून दाखवलं. मोमो-लांनी सांगितलं, "म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले. एक आजी रडायला लागली, म्हणाली, हे ऐकलं तरी पाप लागेल." जुन्या जाणत्यांनी ते कलम काढावं म्हणून विनवण्या केल्या. दलाई लामांनी ते काढू दिलं नाही.

इतिहासाच्या पुस्तकांत आपण वाचतो ते असं, की प्रजा मागते, राजा नाकारतो, मग झगडा होतो आणि हक्क मिळतो. पोपो-लांच्या गोष्टीत सगळं उलट होतं. "ते देत होते, आम्ही हात मागं घेत होतो," हे त्यांचं पालुपद. देणाऱ्यानं दिलं म्हणून लोकशाही होत नाही, घेणाऱ्याला ती घ्यायला शिकावं लागतं. पोपो-ला आणि मोमो-ला यांचं पुढचं आयुष्य या शिकण्यात गेलं.

बाबांना कॅम्पातल्या कारभारात सगळ्यात जास्त नवल वाटे ते चात्रेलचं. ग्रामसेवकाच्या नोकरीतलं सगळ्यात जिवावर येणारं काम म्हणजे घरपट्टीची वसुली. दारोदार फिरायचं, 'पुढच्या महिन्यात' ऐकायचं, शेवटी नोटीस काढायची. इकडे १९७२ पासून निर्वासित तिबेटी माणूस आपल्या सरकारला दरवर्षी थोडी रक्कम, म्हणजे चात्रेल, देतो आणि हिरव्या पुस्तिकेत तिची नोंद करून घेतो. ती पुस्तिका अद्ययावत असेल तरच मत देता येतं. कॅम्पात एकदा चात्रेल भरायची रांग बाबांनी पाहिली. घरी आल्यावर आईला म्हणाले, "त्यांच्या सरकारकडे पोलीस नाही, तुरुंग नाही, जप्ती करायला साधा कोतवाल नाही. कुणी पैसे दिले नाहीत तर हे सरकार एक गडवासुद्धा उचलून नेऊ शकत नाही. आणि माणसं उन्हात उभी राहून भरतात."

कुठल्याही देशानं या सरकारला मान्यता दिलेली नाही. ही माणसं भारताच्या कायद्याखाली राहतात, आणि आपापसातला कारभार आपल्या सनदेप्रमाणं चालवतात. जगातली सरकारं ज्याच्या बळावर उभी असतात ते एकेक काढून घेत गेलं, तर शेवटी काय उरतं? लोकांची संमती उरते. कॅम्पातल्या त्या रांगेत फक्त तेवढीच उरलेली होती, आणि तेवढ्यावर शाळा चालत होत्या, वृद्धाश्रम चालत होते, निवडणुका होत होत्या.

१९९० साली बाबा आणि पोपो-ला यांच्यात झालेलं बोलणं मला अजून आठवतं. दलाई लामांनी मंत्रिमंडळ आणि प्रतिनिधी सभा दोन्ही बरखास्त केली, ही बातमी कॅम्पात आली होती. बाबांना काळजी वाटली. सभा बरखास्त झाली म्हणजे काय होतं, हे त्यांनी आपल्या देशात वाचलेलं होतं. पोपो-लांनी चहाचा कप खाली ठेवला. "साहेब, कमी करायला नाही, वाढवायला मोडली." आणि झालंही तसंच. नव्या सभेचे सभासद ४६ झाले. तोवर दलाई लामाच मंत्री नेमत, आता कालोन म्हणजे मंत्री निवडण्याचा अधिकार सभेकडे आला. जून १९९१ मध्ये या सभेनं निर्वासित तिबेटींची सनद मंजूर केली, पुढच्या वर्षी न्यायमंडळ आलं. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पोपो-ला, आमच्याकडे खुर्ची सोडायला सांगावं लागतं."

"आमच्याकडे," पोपो-ला म्हणाले, "खुर्चीवर बसायला सांगावं लागतं."

आता त्या दहा नावांविषयी. नव्या सभेत प्रत्येक प्रांताला दहा जागा मिळाल्या. पहिल्या फेरीत पसंतीची नावं मतदारानं स्वतः लिहायची. मोमो-लांना प्रार्थनेचे शेकडो श्लोक मुखोद्गत होते, पण लिहिता येत नव्हतं. दुसऱ्याकडून लिहून घेणं चालत असे. त्या म्हणाल्या, "माझ्या मनातलं दुसऱ्याच्या हातून का?" पन्नाशी ओलांडलेली ती बाई कॅम्पातल्या शाळेतल्या गेन-लांकडे, म्हणजे गुरुजींकडे, संध्याकाळी जाऊन बसू लागली. हातातल्या स्वेटरच्या सुया ठेवून पेन्सिल धरली. मी एकदा पाहिलं, निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत त्या एकच नाव ओळीनं गिरवत होत्या. तिबेटी अक्षरं वरच्या रेघेला लोंबतात, आपल्या अक्षरांसारखीच. मी म्हटलं, "मोमो-ला, हे तर आमच्या 'ग'सारखं दिसतं." त्यांना एवढा आनंद झाला की त्यांनी मला सुकं चीज दिलं. ते दगडासारखं असतं, दुपारभर तोंडात घोळवावं लागतं.

त्या घरात एक नित्याचा वाद असे. मोमो-ला उ-त्सांगची दहा नावं लिहीत, पोपो-ला दोतोएची दहा. मुलं बापाच्या प्रांताची, म्हणून तीही दोतोएची. एका छपराखाली दोन याद्या. भिक्षू आणि भिक्षुणींना तर प्रांताचं एक आणि परंपरेचं एक अशी दोन मतं. मधला मुलगा कॉलेज करून आला तेव्हा तो चिडून म्हणायचा, "मी तिबेट पाहिलाच नाही, खाम कुठून पाहणार? मी नोरग्येलिंगचा. मला माझ्या कॅम्पचा प्रतिनिधी द्या." पोपो-ला ऐकून घेत आणि म्हणत, "तीन प्रांत काढून टाकलेस तर जे मागं राहिलेत त्यांना वाटेल, आपलं नाव गाळलं." दोघांचंही म्हणणं खरं होतं. हा वाद आजही त्यांच्या समाजात चालू आहे. तो घरात, चहा पिता पिता, बापलेकांत होत होता, हे मला फार मोलाचं वाटतं.

२००१ साली त्यांनी पहिल्यांदा आपला कालोन त्रिपा, म्हणजे मंत्रिमंडळाचा प्रमुख, थेट मतांनी निवडला. सामदोंग रिन्पोछे ८४ टक्क्यांच्या आसपास मतं घेऊन आले. सारनाथच्या तिबेटी विद्यापीठात आयुष्य घालवलेला, गांधीविचारात मुरलेला हा भिक्षू. सरकारनं धंदे करू नयेत म्हणून त्यांनी सरकारी व्यवसाय बंद केले, वसाहतींना सेंद्रिय शेतीकडे वळवलं. बाबा तेव्हा निवृत्त झाले होते. मुद्दाम सायकल काढून ते अभिनंदनाला गेले.

मग मार्च २०११. दलाई लामांनी जाहीर केलं की उरलेले राजकीय अधिकारही आपण लोकांनी निवडलेल्या नेत्याकडे सोपवतो आहोत. संसदेनं फेरविचाराची विनंती केली. मे महिन्यात धर्मशाळेला ४१८ प्रतिनिधी जमले, त्यांनीही आर्जव केलं. ते बधले नाहीत. २९ मे रोजी सनद बदलली, आणि १६४२ मध्ये पाचव्या दलाई लामांपासून चालत आलेली राज्यसत्ता संपली. ८ ऑगस्टला लोबसांग सांगेय यांनी कालोन त्रिपा म्हणून शपथ घेतली. दार्जिलिंगच्या बाजूला निर्वासितांच्या घरी जन्मलेला, तिबेट न पाहिलेला माणूस. पुढच्या वर्षी त्या पदाला सिक्योंग हे नाव आलं.

मी तेव्हा पुण्याहून घरी आले होते, म्हणून कॅम्पात गेले. पोपो-ला दारात बसले होते, डोळे सुजलेले. बातमी कळल्यापासून ते नीट जेवले नव्हते, मोमो-लांनी सांगितलं. मी शेजारी बसले. बऱ्याच वेळानं त्यांनी जपमाळेचा मणी थांबवला, आणि लहानपणापासून ऐकलेली गोष्ट पुन्हा सुरू केली. तेरावे गेले, रीजंट आले, रीजंट भांडले, पोतालाचा तुरुंग, सेराच्या गोळ्या, मग फौज. या वेळी शेवट मात्र नवा होता. "ते सत्तरीच्या पुढं गेले पोरी. श्वास थांबेल तेव्हा राज्य पोरकं होऊ नये म्हणून आधीच आमच्या हातात देतायत. बाप शेत वाटून देतो ना, जिवंतपणी, भावाभावांत भांडण नको म्हणून. तसं." एवढं बोलून ते पुन्हा रडले. पण संध्याकाळी त्यांनी भात खाल्ला.

पोपो-ला २०१४ मध्ये गेले. त्यांची हिरवी पुस्तिका मोमो-लांनी पूजेच्या कपाटात ठेवली आहे. त्या वर्षाचं चात्रेल भरलेलं आहे.

ही लोकशाही मी लहानपणच्या मायेनं पाहते, म्हणून तिची दुखणी लपवणार नाही. २०२१ साली त्यांच्या संसदेनं मार्चमध्ये न्यायमंडळाच्या तिघाही सदस्यांना पदावरून दूर केलं. तोच प्रश्न पुढं चिघळला. नवे सभासद निवडून आले, पण शपथ कुणाकडून आणि कशी घ्यायची यावर तट पडले, आणि ऑक्टोबरपर्यंत संसद भरू शकली नाही. समाजमाध्यमांवर खाम, आम्दो, उ-त्सांग अशी उणीदुणी निघाली. मोमो-लांची नात परदेशातून फोनवर रडत म्हणाली, "मावशी, जगासमोर आमची लाज गेली." मला मात्र तिच्या आजीनं सांगितलेल्या वेगळ्या चुली आठवल्या. हुकूम सोडून हा पेच सोडवणारं वर आता कुणी नव्हतं. त्यांना आपसात बोलूनच वाट काढावी लागली, आणि त्यांनी ती काढली. ८ ऑक्टोबरला सभासदांची शपथ झाली.

कॅम्पही पहिल्यासारखा राहिला नाही. तरुण पोरं युरोपात, अमेरिकेत, कॅनडात गेली. आता ४५ जणांच्या संसदेत त्यांच्यासाठीही जागा आहेत. इथं कुलूप लावलेली घरं वाढली. बांध्या आमच्या गावातली माणसं कसतात. रांग आखूड झाली.

करोनाचा जोर ओसरल्यावर मी मोमो-लांना भेटायला गेले. २०२१च्या त्या निवडणुकीत बैलकुप्प्याच्या वसाहतीत जन्मलेले पेन्पा त्सेरिंग सिक्योंग झाले होते. जगभर विखुरलेल्या या मूठभर लोकांतून त्रेसष्ट हजारांहून जास्त माणसांनी मतदान केलं होतं, महामारी चालू असताना. त्र्याऐंशी वर्षांच्या मोमो-ला त्यांत होत्या. त्यांनी निळ्या पुठ्ठ्याची ती वही काढून दाखवली. दर निवडणुकीची दहा नावं, कच्ची लिहून पाहिलेली. पहिल्या पानांवर अक्षरं मोठी, वाकडी. मधल्या पानांवर सरळ, आत्मविश्वासाची. शेवटच्या पानावर पुन्हा थरथरणारी. काही नावांवर काट मारलेली. "हा नंतर काम करेनासा झाला," त्या एका नावावर बोट ठेवून म्हणाल्या.

"तुझ्या गावात किती नावं लिहितात, पोरी?"

"आम्ही लिहीत नाही, मोमो-ला. बटण दाबतो."

त्या विचारात पडल्या. "मग नावं पाठ कशी होतात?"

मला उत्तर देता आलं नाही. त्यांनी वही मांडीवर घेतली, चष्मा पुसला, आणि शेवटच्या पानावरची दहाही नावं एकामागून एक मोठ्यानं वाचली. प्रत्येक नावानंतर अंगठा नकळत जपमाळेचा एक मणी पुढं सारत होता.